समुद्राची आम्लता आणि वर्धेचें खोरें

वऱ्हाडांत पडणाऱ्या पावसास समुद्राकडे जाण्याच्या दोन वाटा आहेत. अकोल्याकडील व अमरावतीच्या पश्चिम भागांतील पाणी पूर्णेस मिळून तापीच्या वाटेनें सुरतेपाशीं अरबी समुद्रांत जातें. आमच्या वरूड-मोर्शीकडील पाणी चुडामण व तिच्यासारख्या लहान नद्यांवाटे वर्धेस मिळतें. वर्धा पुढें वैनगंगेस मिळाली म्हणजे त्या दोघींस प्राणहिता हें नांव पडतें. प्राणहिता सिरोंच्याकडे गोदावरींत शिरते, आणि गोदावरी आंध्रांत बंगालच्या उपसागरास जाऊन पोंचते. ज्या मुलखांतील पुष्कळ वृद्धांनीं जन्मांत समुद्र पाहिलेला नाहीं, तो मुलूख असा दोन्ही समुद्रांस पाणी पुरवीत असतो. त्या पाण्याबरोबर माती जाते, खत जातें, क्षार जातात. आणि भट्टीचा व इंजिनाचा धूर हवेच्या वाटेनें जातो तो निराळाच.

हें सांगण्याचें कारण असें कीं, समुद्राच्या पाण्याचा गुण पालटत चालला आहे. तें पाणी हळूहळू आम्लतेच्या बाजूस सरकत आहे. जर्मनींतील पॉट्सडॅम येथील हवामान-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २०२५ च्या सप्टेंबरांत जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत पृथ्वीच्या प्रकृतीच्या नऊ मर्यादांपैकीं समुद्राच्या आम्लतेची मर्यादाही आतां ओलांडली गेली, व ही अशी सातवी मर्यादा होय, असें नमूद आहे. वृत्तपत्रांत ही बातमी चार ओळींत येऊन गेली. शेतकऱ्यानें ती वाचून पान उलटलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु या गोष्टींत शेतकऱ्याचाही कांहीं हिस्सा आहे, आणि तो किती, हें नीट मोजून पाहण्याजोगें आहे. न मोजतां शेतकऱ्यास दोष देणारे लोक एका बाजूस आहेत, व न मोजतांच त्यास मोठ्या प्राप्तीचें आमिष दाखविणारे दुसऱ्या बाजूस निघाले आहेत. दोघांसही उत्तर देतां यावें एवढी माहिती आपल्यापाशीं असणें जरूर आहे.

प्रथम आम्लता येते कोठून तें पाहूं. उन्हाळ्यांत बाजारांत सोड्याची बाटली मिळते. तींत साधें पाणी असतें आणि त्यांत दाबानें कोंडलेला एक वायु असतो. यास जुन्या शास्त्रीय पुस्तकांत कर्बाम्ल वायु म्हणत. हल्लीं कार्बन डायऑक्साइड हें नांव सर्वतोमुखीं आहे. लिंबू न पिळतां नुसता सोडा प्याला तरी तो जिभेस किंचित् आंबट व चुणचुणीत लागतो, याचें कारण हा वायु पाण्यांत मिसळला कीं त्याचें सौम्य आम्ल बनतें. समुद्रांत तेंच घडत आहे. तेथें दाब देणारें यंत्र नाहीं, पण वरच्या हवेंतच वायूचें प्रमाण वाढलें आहे. वाफेच्या यंत्रांचें युग येण्यापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारें २८० भाग असत. २०२४ सालीं ते ४२० च्या वर गेलेले होते. मनुष्य दरवर्षीं जितका वायु हवेंत सोडतो, त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. हा समुद्राचा आपणांवर उपकारच आहे. तो हिस्सा हवेंतच राहता तर जमिनीवरील उष्णता याहून वाढली असती.

माती तपासून आणणाऱ्या शेतकऱ्यास सामू हा शब्द परका नाहीं. डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनीं १९०९ सालीं ही मोजणी घालून दिली. ७ म्हणजे धड आम्ल नाहीं व धड अल्कही नाहीं. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. आमच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू बहुधा ८ च्या आसपास येतो. समुद्राचाही तेवढाच आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पूर्वीं तो सुमारें ८.२ होता, आतां ८.१ च्याही किंचित् खालीं उतरला आहे. तेव्हां समुद्र आंबट झाला असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. तो अद्यापि अल्कच आहे. परंतु ही पट्टी दसपटीची आहे. सामू एकानें उतरला म्हणजे आम्लता दहापट झाली. आणि दशांशानें किंवा त्याहून थोडा अधिक उतरला, म्हणजे ती सुमारें ३० टक्क्यांनीं वाढली. पत्रिकेवर क्षुल्लक दिसणारा आंकडा प्रत्यक्षांत क्षुल्लक नसतो, हा अनुभव संत्र्याच्या बागाइतदारास आहेच. जमिनींत चुना फाजील झाला म्हणजे लोह असूनही झाडास तें उचलतां येत नाहीं, पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, आणि बाग डोळ्यांदेखत खंगते. झाडाचें जीवन ज्या प्रमाणावर अवलंबून असतें, तें प्रमाण फार अरुंद असतें.

समुद्रांतील शिंपल्या, कालवें, प्रवाळ आणि डोळ्यांस न दिसणारे असंख्य कवचधारी जीव यांचें घर चुन्याचें असतें. तो चुना ते पाण्यांतूनच काढून घेतात. नवीन आलेलें आम्ल पाण्यांत विरघळलेल्या चुन्याच्या ज्या अंशापासून कवच बनतें, नेमका तोच अंश बांधून टाकतें. बांधकाम चालू असावें, आणि कोणी रोज रात्रीं येऊन चुन्याच्या गोणी उचलून न्याव्या, तसा हा प्रकार आहे. मोठे जीव कसेबसे निभावतात. नुकत्याच जन्मलेल्या पिलांस मात्र पहिल्या दोन दिवसांत कवच उभें करावयाचें असतें व जवळ शिदोरी थोडी असते.

हें केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेच्या ओरेगॉन प्रांतांत नेटार्ट्स नांवाच्या खाडीवर व्हिस्की क्रीक नांवाची कालवांचें बीं तयार करणारी रोपवाटिका आहे. आम्ही जशीं जंबेरीचीं रोपें विकत आणतों, तसें तेथील कालव-शेतकरी तिच्याकडून बीं नेतात. २००७ व २००८ सालीं तेथें पिलें अतोनात मरूं लागलीं. प्रथम रोगजंतूंचा संशय घेतला गेला. शेवटीं असें आढळलें कीं, वाऱ्याच्या जोरानें समुद्राचें खोल, थंड व आम्लतर पाणी वर येऊन खाडींत शिरतें, आणि पिलें त्यांत कवच धरूं शकत नाहींत. पुढें तेथील मंडळींनीं पाण्याची आम्लता सतत मोजणारीं यंत्रें बसविलीं, व पाणी टाक्यांत घेतांना त्यांत धुण्याच्या सोड्याचा अंश मिसळण्यास सुरुवात केली. त्यानें धंदा सावरला. टाकींतील पाण्यास सोडा देतां येतो, समुद्रास देतां येत नाहीं, एवढेंच.

आमच्या कोंकणच्या किनाऱ्यावर असा आघात कोणी नोंदला असल्याचें आम्ही म्हणत नाहीं. पण तेथें गमावण्यासारखें पुष्कळ आहे. मालवणच्या समुद्रांत प्रवाळ आहे. त्याच्या रक्षणासाठीं १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य जाहीर झालें. विजयदुर्गाच्या पश्चिमेस भर समुद्रांत शंभर किलोमीटरांहून दूर एक बुडालेलें पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नांवावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात, आणि तेथेंही प्रवाळाची मोठी वस्ती आहे. प्रवाळ पांढरें पडण्याची जी बातमी मधूनमधून येते, ती मुख्यतः पाणी तापल्याची असते, आम्लतेची नव्हे; दोन रोगांची गल्लत करूं नये. कारण मात्र दोहोंचें एकच आहे. खाड्यांतून तिसऱ्या व कालवें काढून बाजारांत नेणाऱ्या बायांचें पोट याच कवचांवर आहे.

आतां हा वायु येतो कोठून, हें पाहण्यासाठीं दूर जावयास नको. आपल्याच नदीच्या कांठानें खालीं चालत गेलें कीं पुरे. सिंभोऱ्याचें ऊर्ध्व वर्धा धरण ओलांडून नदी दक्षिणेस वळते, आणि वणी, घुग्घुस, बल्लारपूर या टापूंत शिरते. हें वर्धा खोऱ्याचें कोळशाचें क्षेत्र. वरोऱ्यास १८७० च्या दशकांत खाण निघाली व तिच्यासाठीं लोहमार्ग आला. तेव्हांपासून या खोऱ्यांतून कोळसा निघत आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची शक्ति २९२० मेगावॅट आहे, व तें या कोळशावर चालतें. कोळशांतील १ टन कर्ब जळला कीं त्यास हवेंतील प्राणवायु चिकटून ३.६७ टन कर्बाम्ल वायु होतो. भट्टींत टाकलें त्याहून वजनानें अधिक बाहेर पडतें, ही गोष्ट प्रथम ऐकणारास खोटी वाटते, पण ती साधी बेरीज आहे.

त्याच खोऱ्यांत गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस येथें सिमेंटचे कारखाने आहेत. तेथील चुनखडी अतिप्राचीन समुद्राच्या तळाशीं साचलेली आहे. चुन्याची भट्टी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ठाऊक असेल कीं १०० किलो निर्मळ चुनखडी भाजली म्हणजे ५६ किलो चुना हातीं येतो. उरलेले ४४ किलो कोठें जातात? तो सगळा कर्बाम्ल वायु. म्हणजे इंधनाचा धूर निराळा, आणि दगडांतून सुटणारा वायु निराळा. मनुष्य जगभर जितका असा वायु सोडतो त्यांतील सुमारें ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचे आहेत. जुन्या समुद्रानें तळाशीं साठवून ठेवलेलें धन आम्ही भट्टींत सोडवितों, आणि तें हवेच्या वाटेनें आजच्या समुद्राकडे आम्ल होऊन परत जातें. आमच्या विहिरींचीं तोंडें, गोठ्यांच्या जमिनी आणि गांवचे रस्ते या सिमेंटाचेच आहेत, तेव्हां कारखानदाराकडे एकट्याकडे बोट दाखविणें शोभणार नाहीं. तसेंच आमच्या पंपांच्या विजेचाही मोठा भाग अद्याप कोळशाचाच आहे.

खुद्द शेतीचा वांटा आम्ही येथें थोडा विस्तारानें मांडतों, कारण तो आमच्या हातचा आहे.

युरियाचें पोतें हल्लीं ४५ किलोचें येतें. २०१८ पर्यंत तें ५० किलोचें असे. युरिया हा मुळांतच नत्र आणि कर्बाम्ल वायु यांच्या संयोगानें बनविलेला असतो, व जमिनींत ओलावा लागला कीं तो फुटून तो वायु मोकळा होतो. हिशोबानें एका पोत्यामागें ३३ किलो वायु सुटतो. खत तयार करतांना कारखान्यांत जें इंधन जळतें तें याहून वेगळें. राहिलें नत्र, सुमारें २१ किलो. त्याचा अमोनिया होतो, अमोनियाचें जमिनींतील जंतु नायट्रेट करतात, आणि तें करतांना आम्ल उत्पन्न होतें. सर्वसाधारण गणित असें आहे कीं, युरियांतील १ किलो नत्रामुळें होणारें आम्ल मारण्यास सुमारें १.८ किलो चुनखडी लागते. म्हणजे पोत्यामागें ३७-३८ किलो. आमच्या जमिनींत चुनखडी भरपूर असल्यामुळें हें आम्ल आमच्या नजरेस येत नाहीं, जमीनच तें गिळून टाकते. कोंकणच्या तांबड्या जांभ्या जमिनीस हें सोसत नाहीं.

शिवाय आमच्या जमिनीची एक खोड आहे. अल्क व चुनखडीच्या जमिनीवर, ऊन असतांना, युरिया वरच्यावर फेंकला कीं त्यांतील पुष्कळसें नत्र अमोनिया होऊन हवेंत उडून जातें. शेतकरी म्हणतो, खत टाकलें पण झाडानें उचललें नाहीं. वस्तुतः तें झाडापर्यंत पोंचलेलेंच नसतें. तें वाऱ्याबरोबर जाऊन दुसरीकडे पावसांत उतरतें. त्यांतील कांहीं भाग समुद्रांत उतरतो, व तेथें पुन्हां आम्लच वाढवितो. आणि जें नायट्रेट मुळांखालीं निसटतें, तें विहिरींत उतरतें किंवा नाल्यावाटे नदीस लागतें. नदीच्या मुखाशीं त्या नत्रावर शेवाळ माजतें, मरतें, कुजतें. कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्च होतो व कर्बाम्ल वायु निघतो. किनाऱ्याच्या पाण्याची आम्लता अशी दुहेरी वाढते, वरून हवेनें आणि आंतून कुजण्यानें.

गोव्यास दोनापावला येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ सालीं स्थापन झाली. या संस्थेचे शास्त्रज्ञ सय्यद वाजिह अहमद नक्वी व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रांत पावसाळ्याच्या उत्तरार्धीं प्राणवायूचा जो तुटवडा पडतो, तो वाढलेला दिसतो. खालचें प्राणवायुहीन पाणी वर येणें ही तेथील निसर्गाची जुनी रीत आहे. पण जमिनीवरून जाणाऱ्या नत्रानें तींत भर पडत असावी, असा त्यांचा संशय होता. अशा पाण्याचा सामूही उतरलेलाच असतो. हा झाला पूर्णा-तापीच्या बाजूचा समुद्र. वर्धा-गोदावरीच्या बाजूस, त्याच संस्थेच्या विशाखापट्टणम येथील शाखेंतील शर्मा प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९९१ व २०११ या दोन सालांच्या मोजण्या ताडून पाहिल्या व २०१५ सालीं निष्कर्ष छापला. उपसागराच्या वायव्य किनाऱ्यालगत पाण्याची आम्लता, हवेंतील कर्बाम्ल वायूच्या वाढीवरून जितकी अपेक्षित होती, तिच्या ३ ते ५ पट वेगानें वाढलेली आढळली. हिंवाळ्यांत जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या धुरकट हवेंतील गंधकाचे व नत्राचे कण पाण्यांत पडतात, हें त्याचें कारण त्यांनीं दिलें आहे. कोळशाचा व इंजिनाचा धूर त्यांत मुख्य. पण नत्राच्या खात्यांत शेताचेंही नांव आहे.

इतकें सांगितल्यावर एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगितली पाहिजे. पऱ्हाट्या व तुराट्या जाळणारा शेतकरी वायु सोडतो हें खरें. पण तो वायु त्या झाडानें त्याच वर्षीं हवेंतून घेतलेला असतो, आणि पुढल्या वर्षींचें पीक तो परत घेतें. धुराचा त्रास आहे, जमिनीच्या सेंद्रिय अंशाचें नुकसान आहे. तें जाळणें बंद व्हावें असेंच आमचें मत आहे. परंतु जमिनीखालीं कोट्यवधि वर्षें गाडलेला कोळसा उपसून जाळणें आणि धुऱ्यावरची पऱ्हाटी जाळणें या दोहोंस एकाच तराजूंत घालणारा मनुष्य एक तर अजाण असला पाहिजे किंवा त्याचा कांहीं मतलब असला पाहिजे.

मानवसमाज यावर काय करीत आहे? सभा झाल्या, ठराव झाले. २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं समुद्राची आम्लता कमी राखणें हें आपल्या उद्दिष्टांत घातलें. त्याच सालीं पॅरिसचा करार झाला. २०२१ सालीं ग्लासगो येथें हिंदुस्थाननें २०७० पर्यंत आपला वायूचा जमाखर्च शून्यावर आणण्याचें वचन दिलें. २०२५ च्या जुलैंत देशाच्या वीजनिर्मितीच्या एकूण शक्तीपैकीं निम्मी कोळसा-तेलाव्यतिरिक्त साधनांची झाल्याचें जाहीर झालें. शक्ति निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असें नव्हे. सूर्य रात्रीं नसतो, आणि प्रत्यक्ष विजेंत कोळशाचाच वांटा अजून मोठा आहे. तरीही दिशा बरोबर आहे.

तिचा एक फांटा आमच्या शेतांपर्यंत आला आहे. २०१९ ची कुसुम योजना व राज्याची २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळें सूर्यावर चालणारे पंप बसूं लागले. दिवसां पाणी देतां येतें, रात्रीं विंचवा-सापांच्या भीतीनें बॅटरी घेऊन फिरणें टळतें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें एवढेंही पुष्कळ आहे. पण वरूडकरांनीं येथें थोडें थांबावें. भूजलाच्या सरकारी मोजणींत आमचा तालुका अतिउपशाचा म्हणून अनेकवार नोंदला गेला आहे. विंधनविहिरी खोल खोल जात आहेत, आणि उन्हाळ्यांत टँकरनें बागा जगविण्याची पाळी येते. ज्या पंपास विजेचें बिल नाहीं तो थांबवावयाचा कोणी आणि केव्हां? समुद्राचें पाणी सुधारावयास जाऊन विहिरीचें पाणी संपविलें, तर तो व्यवहार शेतकऱ्यास परवडणारा नाहीं. ठिबक आणि पावसाचें पाणी मुरविणें यांची जोड असल्याशिवाय सौर पंप घेऊं नये, असें आम्हांस वाटतें.

आतां दुसऱ्या एका उपायाकडे वळतों. त्याची हल्लीं फार चर्चा आहे, आणि तो आमच्या पायांखालच्या दगडाचा आहे. आमचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा लाव्हा आहे. पावसाचें पाणी हवेंतून व मुळांच्या श्वासांतून कर्बाम्ल वायु घेतें, सौम्य आम्ल बनतें, आणि तें आम्ल पाषाणास झिजवितें. झिजतांना पाषाणांतील चुना व मॅग्नेशियम सुटतात व तो वायु त्यांच्याशीं बांधला जातो. विहिरीच्या पाण्यानें भांड्यास जो पांढरा थर चढतो तो याच व्यवहाराचा पुरावा. हें जड पाणी नदीनें समुद्रास जातें आणि त्याची आम्लता कमी करतें. सारांश, दख्खनचा दगड युगानुयुगें समुद्रास औषध पाजीत आला आहे. आमच्याकडे पाऊस बेताचा, म्हणून सगळेंच औषध समुद्रापर्यंत जात नाहीं. कांहीं वाटेंतच जमिनीच्या खालच्या थरांत चुनखडीचे खडे होऊन बसतें. संत्र्याच्या मुळांस नडणारी चुनखडी ती हीच. निसर्गाची ही रीत खरी आहे, पण फार संथ आहे. समुद्रानें ही नवी आम्लता आपल्या बळावर जिरवावयाची म्हटलें तर त्यास हजारों वर्षें लागतील.

तो वेग वाढविण्याकरितां पाषाणाची बारीक भुकटी करून ती शेतांत पसरावी, अशी ही कल्पना आहे. भुकटीचा पृष्ठभाग मोठा, म्हणून झीज जलद. एक टन भुकटी पूर्ण झिजली तर फार तर ३०० किलोच्या आसपास वायु बांधला जातो. माती कार्बन नांवाची संस्था छत्तीसगड-मध्यप्रदेशांतील लहान भातशेतकऱ्यांबरोबर हें काम करते. २०२५ च्या एप्रिलांत तिला अमेरिकेंतील एक्सप्राइझ स्पर्धेंत ५ कोटी डॉलरांचें पहिलें बक्षीस मिळालें. भातशेतांत पाणी तुंबून राहतें, तिकडील पुष्कळ जमिनी आम्ल आहेत, त्यामुळें दगड लवकर झिजतो व त्यांतील अन्नद्रव्यें पिकासही मिळतात. एतद्देशीय दगडानें व एतद्देशीय शेतकऱ्यांच्या शेतांत हें यश मिळालें याचें आम्हांस कौतुक वाटतें.

तथापि वरूडच्या जमिनीस तेंच लागू पडेल असें समजूं नये. ज्या जमिनीचा सामू आधींच ८ आहे, जीत चुनखडी ठासून भरलेली आहे, आणि जी मुळांत त्याच पाषाणाची बनलेली आहे, तींत आणखी पाषाण टाकला तर तो फारच सावकाश झिजेल, आणि झिजला तरी त्यांतील बराचसा चुना खालीं खडा होऊन बसण्याचा संभव. खडा होतांना बांधलेल्या वायूपैकीं निम्मा पुन्हां सुटतो. त्यांत दगड दळण्याची वीज व ट्रकचें डिझेल वजा करावें लागेल. गिट्टीच्या खाणींवरील बारीक चुरी फुकट मिळते म्हणून संत्र्याच्या बागेंत ओतूं नये. उपकारापेक्षां अपकाराचें भय अधिक. भातपट्ट्यास व कोंकणास हा उपाय अधिक शोभेल.

आमच्याकडे करण्याजोगें आहे तें साधें आहे, व त्यांत शेतकऱ्याचा पैसाही वांचतो. युरिया वरून फेंकूं नये. मातीआड करावा व लागलीच पाणी द्यावें, किंवा ठिबकावाटे थोडाथोडा अनेक वेळां द्यावा. आंबिया बहाराचा ताण तोडतांना एकदम मोठी मात्रा देण्याची जी चाल आहे ती सोडावी. माती परीक्षणाच्या पत्रिकेंत चुनखडीचा आंकडा असतो, तो न वाचतां खतांची यादी करूं नये. जमीन चुनखडीची असेल तर पानें पिवळीं दिसलीं म्हणून नत्र वाढवूं नये, कारण उणीव बहुधा लोहाची असते. पऱ्हाट्यांचा भुगा करून शेणखताबरोबर कुजवावा. धुऱ्याच्या कांठीं गवताचा पट्टा राखला तर पहिल्या मोठ्या पावसांत वाहून जाणारी माती व नत्र पुष्कळ अडतें.

आणि वायूच्या नांवानें करार घेऊन कोणी दारीं आला, तर त्यास पुढील प्रश्न विचारावे. मोजणी कोण करणार व तिचा खर्च कोणाचा. पैसा दर वर्षीं मिळणार कीं मोजणी झाल्यावर. करार किती वर्षांचा, आणि मधेंच जमीन विकली किंवा बाग तोडली तर दंड आहे काय. शेतांत जें टाकावयाचें त्याची तपासणी झाली आहे काय, व त्यांत जड धातु किती. आणि कराराची प्रत मराठींत मिळेल काय. एवढ्यांचीं उत्तरें कागदावर मिळालीं म्हणजे तो कागद घरीं ठेवून घ्यावा, आपल्या गांवच्या कृषि-सहाय्यकास व एखाद्या जाणत्या वकिलास दाखवावा, आणि मगच सहीचा विचार करावा.